आधी तपासणीची बाटली, मग गोळी

धाराशिव तालुक्यातले बेंबळी हे आजूबाजूच्या खेड्यांपेक्षा मोठे गाव. पोलीस ठाण्यापासून बाजारपेठेपर्यंत अनेक कामांसाठी परिसरातली माणसे इथे येतात. बेंबळी असो की मराठवाड्यातले असे कोणतेही गाव, तिथल्या मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी वर्षभर दबक्या आवाजात होत असते आणि उन्हाळ्यात ती वाढते. "लघवीला आग व्हायलीय, एखादी गोळी द्या की." मागणारी बहुधा बाई असते. दुकानात ओळखीचा पुरुष उभा असेल तर ती तेवढेही न बोलता परत फिरते. कधी नवऱ्याला पाठवते, कधी मागच्या वेळच्या गोळीचे रिकामे पाकीट पुढे करते. दोन दिवसांच्या गोळ्या मिळतात, आग कमी होते आणि विषय संपल्यासारखा वाटतो.

बऱ्याचदा तो संपलेला नसतो. पंधरा-वीस दिवसांनी तीच आग पुन्हा सुरू होते आणि तीच गोळी आता लागू पडत नाही.

मूत्रमार्गाचा जिवाणूसंसर्ग हा माणसाला होणाऱ्या सर्वांत सामान्य संसर्गांपैकी एक आहे. 2019 या एका वर्षात जगभरात त्याचे 40 कोटींहून अधिक रुग्ण झाले आणि दोन लाख तीस हजारांहून अधिक माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य-अभ्यासकांचा अंदाज आहे. निम्म्याहून अधिक स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. वेळेत आणि योग्य औषध मिळाले तर तो तीन ते पाच दिवसांत बरा होतो. अंदाजाने औषध घेत राहिले तर तोच आजार मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि पुढच्या वेळी साध्या गोळीला दाद देईलच असे नाही. म्हणूनच या आजारात 'कोणती गोळी' या प्रश्नाआधी 'कोणता जिवाणू' हा प्रश्न विचारावा लागतो.

जिवाणू घरचाच

1885 मध्ये थिओडोर एशेरिक या जर्मन बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या विष्ठेत आढळलेल्या एका कांडीसारख्या जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्याच्याच नावावरून या जिवाणूला एशेरिकिया कोलाय, म्हणजेच ई. कोलाय, हे नाव मिळाले. जवळपास प्रत्येक निरोगी माणसाच्या आतड्यात तो राहतो आणि तिथे राहतो तोवर सहसा काही बिघडवत नाही. एरवी निरोगी असलेल्या स्त्रियांना होणाऱ्या लघवीच्या संसर्गांपैकी दर चारांत सुमारे तीन संसर्ग याच जिवाणूमुळे होतात. म्हणजे रोग बाहेरून आलेला नसतो. स्वतःच्याच आतड्यातला जिवाणू गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून मूत्रमार्गाच्या तोंडाशी पोचतो आणि वर सरकतो.

स्त्रियांना हा आजार जास्त का होतो, याचे उत्तर शरीररचनेत आहे. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांबीची असते, पुरुषाची सुमारे वीस. शिवाय स्त्रीच्या मूत्रनलिकेचे तोंड गुदद्वाराच्या जवळ असते. बाईच्या अस्वच्छतेमुळेच हा आजार होतो, असा समज गावोगावी आहे आणि तो अन्यायाचा आहे. रोज नीट स्वच्छता ठेवणाऱ्या स्त्रीलाही हा संसर्ग होतो. शरीरसंबंधानंतर जिवाणू वर ढकलले जाण्याची शक्यता वाढते, पण म्हणून हा गुप्तरोग ठरत नाही. पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते, योनीमार्गातले रक्षक जिवाणू घटतात आणि संसर्गाला वाट मोकळी होते. त्यामुळे साठीतल्या आजीबाईंनाही तो वारंवार छळतो.

लघवी वाहते तेव्हा आतले जिवाणू धुऊन बाहेर पडायला हवेत. मग ई. कोलाय टिकतो कसा? त्याच्या अंगावर सूक्ष्म तंतू असतात. साडीच्या काठाला कुसळ चिकटावे तसे ते तंतू मूत्राशयाच्या आतल्या आवरणावरच्या साखरेच्या कणांना घट्ट धरतात. काही जिवाणू तर आवरणाच्या पेशींच्या आत शिरून दबा धरतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी शेतात जाताना अडवलेली लघवी संध्याकाळी घरी आल्यावरच मोकळी झाली, तर मधले सगळे तास जिवाणूंना वाढीसाठी मिळतात.

उरलेल्या संसर्गांत क्लेब्सिएला, प्रोटियस, एंटेरोकॉकस, तरुण मुलींमध्ये स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफिटिकस, आणि लघवीची नळी घातलेल्या किंवा रुग्णालयात बराच काळ असलेल्या रुग्णांत स्यूडोमोनास हे जिवाणू सापडतात. यांतला प्रोटियस विशेष त्रासदायक. तो लघवीतल्या युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो, त्यामुळे लघवी अल्कधर्मी होते आणि मूत्रपिंडात खडे जमू लागतात. खड्यात जिवाणू लपतात आणि खडा निघेपर्यंत औषधाने पूर्ण सुटका होत नाही. वारंवार संसर्ग होणाऱ्या रुग्णाला डॉक्टर सोनोग्राफी सांगतात, त्याचे हे एक कारण.

पाणी कमी, आडोसा नाही

धाराशिव जिल्हा पावसाच्या भरवशावर जगतो. शेजारच्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी आले. पाण्याच्या अशा टंचाईत घरातली बाई सगळ्यांचे भागवून मग स्वतः पिते. रानात कामाला जाणारी तर मुद्दाम कमी पिते, कारण दिवसा आडोसा नसतो.

ऊसतोडणीच्या हंगामात हे सगळ्यात तीव्रपणे दिसते. केशेगावचा डॉ. आंबेडकर सहकारी साखर कारखाना धाराशिव तालुक्यातलाच आहे आणि मराठवाड्यातून दरवर्षी लाखो तोडकरी राज्यात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोचे जोडपे मिळून एक 'कोयता' होतो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकले तर खाडा कापला जातो. पहाटे अंधारात फडात शिरलेली बाई लघवी अडवते, पाणी टाळते, पाळीतही मोळ्या वाहते. पालावर संडास नसतो, धुण्याला पुरेसे पाणी नसते.

याची किंमत काय पडते, त्याचा एक भीषण पुरावा बीड जिल्ह्यातून पुढे आला. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी 2019 मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82 हजारांहून अधिक स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येक बायकांना तपासणी आणि साधे उपचार मिळण्याआधी थेट शस्त्रक्रियेचा मार्ग दाखवला गेला. ओटीपोटातले दुखणे मूत्राशयाचे आहे, गर्भाशयाचे आहे की योनीमार्गाचे, हे तपासल्याशिवाय ठरवता येत नाही. लघवीची एक तपासणी त्या शंकेतला एक धागा स्वस्तात सोडवू शकते.

बायका तपासणीपर्यंत पोचतच नाहीत, हे महाराष्ट्राला फार आधी कळले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेली पाहणी जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि याआधी कधीतरी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. ही पाहणी स्त्रीरोगांची होती, पण 'तिथले' दुखणे न सांगण्याची सवय लघवीच्या संसर्गालाही तशीच लागू होते. धाराशिव जिल्ह्यातच, तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारी आणि सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. जे दुखणे मेडिकलच्या काउंटरवर बोलता येत नाही, ते ओळखीच्या बाईपाशी बोलता येते. आज आशाताई तोच दुवा होऊ शकतात.

पाण्याचा उपयोग खरोखर किती होतो? 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या 140 स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटाला रोजच्या पाण्यात दीड लिटरची भर घालायला सांगितले. वर्षभरात त्या गटातल्या स्त्रियांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटातल्या स्त्रियांना 3.2 वेळा. औषधाशिवाय, केवळ पाण्याने, त्रास जवळपास निम्म्यावर आला. घरचे धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक, नाचणीची आंबील हे सगळे पोटात पाणी जाण्याचे चांगले मार्ग आहेत. उन्हात फिरून घाम गेल्यावर लघवी घट्ट होते आणि नुसत्या त्यानेही आग होते. ती पाण्याने तासाभरात किंवा दिवसभरात शमते. पण सतत लघवीला लागणे, थेंब-थेंब होणे, ओटीपोटात कळ, गढूळ किंवा लालसर लघवी ही लक्षणे सोबत असतील, तर ती उष्णता नव्हे. आतल्या जिवाणूला मारण्याची ताकद सब्जात नाही.

दुकानातून घेतलेले लघवी अल्कधर्मी करणारे गोड सिरपही याच जातीचे. ते आग कमी करते, जिवाणू मारत नाही. उलट काही औषधे, उदाहरणार्थ नायट्रोफ्युरँटॉइन, आम्लधर्मी लघवीत चांगली चालतात. त्यामुळे दोन्ही मनाने एकत्र घेणे योग्य नाही.

बाटली काय सांगते

लघवीची साधी तपासणी गावपातळीवर होते. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी, म्हणजे रिपोर्टातले 'पस सेल', मोजले जातात. रासायनिक पट्टी नायट्राइट दाखवते. ई. कोलायसारखे जिवाणू लघवीतल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात, त्यामुळे पट्टीचा रंग बदलला तर संशय बळावतो. पण जिवाणू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडेल, हे सांगते ते कल्चर.

कल्चरमध्ये लघवीचा अगदी सूक्ष्म, मोजलेला अंश पोषक थरावर पसरवतात आणि शरीराइतक्या उष्णतेत रात्रभर ठेवतात. जिवाणू असतील तर त्यांचे ठिपके उगवतात. मग त्या जिवाणूंच्या थरावर वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती मोकळे वर्तुळ पडते, ते औषध त्या जिवाणूवर चालते. रिपोर्टमध्ये त्यापुढे 'एस' लिहिलेले असते, न चालणाऱ्यापुढे 'आर'. या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात.

1950 च्या दशकात बॉस्टनमध्ये एडवर्ड कॅस यांनी एक उपयुक्त रेघ आखून दिली. एक मिलिलिटर लघवीत एक लाख किंवा त्याहून अधिक जिवाणू असतील तर संसर्ग खरा, कमी असतील तर बाहेरच्या त्वचेवरचे जिवाणू मिसळल्याची शक्यता. लक्षणे स्पष्ट असलेल्या स्त्रीत आज याहून कमी आकडाही ग्राह्य धरतात. पण मुद्दा तोच राहतो: नमुना नीट घेतला नाही तर रिपोर्ट दिशाभूल करतो.

नमुना घेण्याची पद्धत अवघड नाही. आधी साध्या पाण्याने धुवावे. पहिली थोडी लघवी सोडून द्यावी, मधली धार प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्यावी, बाटलीच्या आतल्या कडेला बोट लावू नये. घरातली औषधाची जुनी बाटली चालत नाही. नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, नाहीतर थंड ठेवावा लागतो. मराठवाड्याच्या उन्हात पिशवीत तीन तास फिरलेल्या बाटलीत जिवाणू आपोआप वाढतात आणि नसलेला आजार रिपोर्टवर दिसतो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्यायचा. एक गोळी पोटात गेली तरी कल्चर कोरे येऊ शकते.

प्रत्येकीला कल्चर लागतेच असे नाही. पहिल्यांदाच त्रास झालेल्या, ताप नसलेल्या, गरोदर नसलेल्या तरुण स्त्रीवर डॉक्टर लक्षणे आणि साध्या तपासणीवरून उपचार करू शकतात. पण त्रास पुन्हा झाला, औषधाने उतरला नाही, ताप आला, किंवा रुग्ण गरोदर स्त्री, पुरुष, लहान मूल वा मधुमेही असेल, तर कल्चर टाळू नये. बेंबळीकरांना त्यासाठी आता सोलापूरच गाठावे लागेल असे नाही. धाराशिवला 2022 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे.

जुनी गोळी अजून कामाची

लघवीच्या संसर्गावरच्या औषधांचा इतिहास उलटा वाटावा असा आहे. नायट्रोफ्युरँटॉइन हे औषध 1953 पासून वापरात आहे. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली त्याच्या आदल्या वर्षी ते आले. फॉस्फोमायसिन 1969 मध्ये स्पेनमधल्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळाले. नंतर आलेल्या नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या क्विनोलोन गटातल्या गोळ्यांनी 1980 नंतर बाजार व्यापला. त्या पटकन गुण देत, त्यामुळे जुलाब, ताप, लघवी अशा सगळ्या दुखण्यांवर वाटल्या गेल्या. आज भारतात लघवीतून मिळणाऱ्या ई. कोलायवर याच गोळ्या मोठ्या प्रमाणात निकामी ठरल्या आहेत आणि सत्तर वर्षांपूर्वीची नायट्रोफ्युरँटॉइन बहुतांश वेळा चालते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद म्हणजे आयसीएमआर 2013 पासून देशातल्या प्रमुख रुग्णालयांतून औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची नोंद ठेवते. तिच्या अहवालांतून हेच चित्र वर्षानुवर्षे दिसते: ई. कोलायवर क्विनोलोन आणि तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन क्षीण, नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन बरेचसे शाबूत. हे नमुने मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतले, म्हणजे आधीच औषधे घेऊन आलेल्या रुग्णांचे असतात. खेड्यातल्या पहिल्या संसर्गाची स्थिती याहून बरी असू शकते. पण काउंटरवर मिळणारी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा सेफिक्झिम गुण देईलच, याची खात्री आज कुणी देऊ नये. क्विनोलोनमुळे स्नायूबंध फाटणे, नसांना इजा होणे असे दुष्परिणामही होऊ शकतात. दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्राशय-संसर्गासाठी ही औषधे वापरू नयेत, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्येच दिली.

नायट्रोफ्युरँटॉइन टिकून राहिली त्यामागे तिचा स्वभाव आहे. ती जिवाणूच्या आत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते, त्यामुळे एखाद्या बदलाने जिवाणूला सुटका मिळत नाही. ती रक्तात आणि आतड्यात फारशी साठत नाही, थेट लघवीत उतरते. म्हणून आतड्यातल्या जिवाणूंना तिची सवय लागण्याची संधी कमी मिळते. मात्र याच कारणाने तिची मर्यादाही ठरते. ती मूत्रपिंडाच्या मांसात पुरेशी पोचत नाही. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत कळ, उलट्या ही लक्षणे असतील तर संसर्ग मूत्रपिंडात गेलेला असतो आणि तिथे ही गोळी कामाची नाही, दुसरे औषध आणि कधी इंजेक्शन लागते. मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांना आणि प्रसूती अगदी जवळ आलेल्या स्त्रियांना ती देत नाहीत. जेवणासोबत घेतल्यास ती बाधत नाही. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, त्याला घाबरू नये.

औषध किती दिवस घ्यायचे, हे आजार कुठे आहे यावर ठरते. फॉस्फोमायसिनची पुडी बहुधा एकदाच घ्यायची असते. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला औषधानुसार तीन ते पाच दिवस पुरतात. मूत्रपिंडाच्या संसर्गाला एक ते दोन आठवडे लागू शकतात. अडचण होते ती डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलेले औषध दुसऱ्या दिवशी आग थांबल्यावर बंद केले की. अर्धमेले जिवाणू मूत्राशयात उरतात. शिवाय प्रत्येक अँटिबायोटिक आतड्यातल्या साध्या ई. कोलायला मारते आणि तिथे औषधाला न जुमानणाऱ्या ई. कोलायला जागा करून देते. पुढचा संसर्ग त्याच आतड्यातून येणार असतो. मग ज्या बाईने वर्षात चार वेळा मनाने गोळ्या घेतल्या, तिला पाचव्या वेळी इंजेक्शनासाठी दाखल व्हावे लागू शकते.

दिल्लीचे नाव आणि मुंबईची नोंद

जिवाणूंचे औषधांना न जुमानणे टोकाला गेले की काय होते, ते एका लघवीच्याच नमुन्याने जगाला दाखवले. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत 2008 मध्ये क्लेब्सिएला जिवाणू सापडला. कार्बापेनेम गटातली, म्हणजे राखून ठेवलेली अत्यंत प्रभावी इंजेक्शनेही त्याच्यावर चालत नव्हती. औषध नष्ट करणारे नवे विकर त्या जिवाणूकडे होते. 2009 मध्ये त्याचे वर्णन 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-1', म्हणजे एनडीएम-1, या नावाने प्रसिद्ध झाले. नावावरून देशात वाद झाला, पण जिवाणू खरा होता. 2010 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कार्बापेनेमला न जुमानणारे 24 नमुने तपासले, तेव्हा त्यांतल्या 22 मध्ये एनडीएम-1 आढळले.

2019 मध्ये औषधविरोधी जिवाणूंमुळे भारतात थेट सुमारे तीन लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. सरकारने पावलेही उचलली. 1 मार्च 2014 पासून 46 औषधे 'एच-1' या परिशिष्टात गेली. त्यांत सेफिक्झिमसारखी तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम येतात. ही औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला रुग्ण, डॉक्टर व प्रमाण यांची नोंद तीन वर्षे जपावी लागते. 2016 मध्ये अँटिबायोटिकच्या पाकिटावरच्या लाल उभ्या रेघेचा अर्थ लोकांना समजावण्याची मोहीम सुरू झाली. ही रेघ बेंबळीतल्या पाकिटावरही असते. ती असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागू नये आणि देऊही नये.

काही वेळा अँटिबायोटिक न देणे हाच बरोबर उपचार असतो. वृद्धांच्या किंवा नळी घातलेल्या रुग्णांच्या लघवीत जिवाणू सापडतात, पण त्रास काहीच नसतो. अशांना गोळ्या देऊन फायदा होत नाही, औषधविरोधी जिवाणू मात्र वाढतात. याला ठळक अपवाद गरोदरपणाचा. गरोदर स्त्रीच्या लघवीत जिवाणू असतील तर त्रास नसतानाही उपचार करावाच लागतो. उपचार न केल्यास अशा दर चार-पाच जणींपैकी साधारण एकीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो आणि वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढतो. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात होणारी तपासणी म्हणूनच चुकवू नये. लहान मूल 'आग होते' असे सांगू शकत नाही. कारण न सापडणारा ताप हेच त्याचे लक्षण असू शकते. वयस्क पुरुषात प्रोस्टेटची गाठ लघवी अडवते, आणि मधुमेह्याची साखर ताब्यात नसेल तर संसर्ग लवकर वर चढतो.

नव्या औषधांची वाट पूर्ण बंद झालेली नाही. 2025 च्या मार्चमध्ये अमेरिकेत जेपोटिडॅसिन या गोळीला मान्यता मिळाली. साध्या मूत्राशय-संसर्गासाठी पोटातून घेण्याच्या औषधांचा नवा वर्ग जवळपास तीस वर्षांनी आला. मराठवाड्यातही या कामाचे एक केंद्र आहे. छत्रपती संभाजीनगरमध्ये संशोधन केंद्र असलेल्या वोखार्ट कंपनीचे सेफेपिम-झायडेबॅक्टम हे इंजेक्शन गुंतागुंतीच्या मूत्रसंसर्गावर आणि मूत्रपिंडाच्या संसर्गावर तपासले गेले. 530 रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ते कार्बापेनेम गटातल्या मेरोपेनेमपेक्षा सरस ठरल्याचे कंपनीने 2025 मध्ये जाहीर केले. पण अशी इंजेक्शने मोठ्या रुग्णालयासाठी आहेत. बेंबळीच्या बाईला त्यांची गरज पडू नये, यासाठी करायच्या गोष्टी फार स्वस्त आहेत.

रानात जाताना पाण्याची बाटली सोबत न्यायची आणि ती संपवायची. लघवी अडवायची नाही, आणि त्यासाठी फडावर, बाजारात, एसटी स्थानकावर दार लागणारे, पाणी असणारे स्वच्छतागृह मागायचे. ती सोय करणे हे कारखान्याचे आणि ग्रामपंचायतीचे काम आहे. शरीरसंबंधानंतर लघवी करून यावे. आग एक-दोन दिवसांत पाण्याने थांबली नाही तर दवाखान्यात जाऊन आधी बाटली द्यावी. थंडी वाजून ताप, कुशीत कळ, उलटी किंवा लघवीतून रक्त असेल तर त्याच दिवशी. गरोदर असेल तर लगेच.

महाराष्ट्रात 2017 पासून महालॅब योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रांतून तपासणीचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत मोफत तपासले जातात. वारंवार संसर्ग होणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा कल्चरचा नमुना खेड्यातून दोन तासांत, किंवा थंड पेटीतून, प्रयोगशाळेत पोचेल आणि रिपोर्ट तिच्या हातात पडेल, अशी हमी सरकारने द्यायला हवी. तो रिपोर्ट फाईलला लावून ठेवावा आणि ऊसतोडीला, माहेरी, सोलापूरला जाताना त्याचा मोबाइलवर फोटो असावा. पुढच्या वेळी नवे डॉक्टर समोर असतील तरी मागच्या जिवाणूवर कोणते औषध चालले होते आणि कोणते नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत वाचता येईल.